मिरची दळलेली गिरणी

माझ्या आत्याला पीठ तपासायला डोळे लागत नाहीत. चिमूटभर पीठ ती अंगठ्यात आणि पहिल्या बोटात धरते, एकदा चोळते आणि निकाल देते. "दगड तापला होता." "गहू नीट वाळवला नव्हता." किंवा, "हे अण्णांकडचं दिसतंय." यातलं तिसरं वाक्य ती अशा सुरात म्हणते की त्यापुढे पहिली दोन कौतुकाची वाटावीत.

अण्णा म्हणजे गावाच्या खालच्या अंगाच्या जुन्या गिरणीचे मालक. पंचवीस वर्षं गावात तेवढी एकच गिरणी होती, त्यामुळे गिऱ्हाइकाशी गोड बोलायची सवय लागायला अण्णांना काही कारणच पडलं नव्हतं. बायका डबे रांगेत लावून भिंतीला टेकून बसायच्या आणि मोटारसायकलवरून पोतं घेऊन आलेला कुणीही पुढे जायचा, कारण त्याला घाई असायची. बायकांना घाई नसते हे अण्णांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. एकदा आत्या त्यांना म्हणाली, "अण्णा, पीठ भरडं येतंय. दगडाला टाकी लावा आता." टाकी लावणं म्हणजे दळून दळून गुळगुळीत झालेल्या दगडावर छिन्नीनं पुन्हा खाचा पाडणं. त्याशिवाय दाणा कापला जात नाही, नुसता चिरडला जातो. अण्णा काट्यावरची नजर न काढता म्हणाले, "एवढं कळतं तर स्वतःची गिरणी टाक की."

असं माणसं दिवसातून दहादा बोलतात आणि ऐकणारे सोडून देतात. आत्यानं ते मनावर घेतलं. तिच्याशी बोलताना ही एक काळजी घ्यावी लागते.

गिरणी टाकायला तिच्याकडे घराला लागून एक रिकामी खोली होती आणि एक नवरा होता. आमचे काका गवंडी. दुसऱ्यांच्या भिंती इतक्या मन लावून बांधतात की स्वतःच्या घराकडे बघायला त्यांना सवड होत नाही. बँकेत गेली तर तिथल्या माणसानं विचारलं, तुमच्या नावावर काय आहे? आत्यानं खूप आठवलं, पण तिच्या नावावर तिचं नावच तेवढं निघालं.

मग गावात हप्तेवाला आला. बायकांना छोटी कर्जं देणाऱ्या एका संस्थेचा तो माणूस. त्याच्या खांद्याला अडकवलेल्या पिशवीवर छापलेलं होतं की कर्जामुळे बाई आपल्या पायावर उभी राहते. फेडताना ती किती वेळा खाली बसते, ते छापलेलं नव्हतं. त्याची अट साधी होती. पाच जणींनी गट करायचा, तारण काही नको, दर मंगळवारी हप्ता. एकीचा चुकला तर बाकीच्या चौघींनी भरायचा. नाही भरला तर पुढचं कर्ज पाचही जणींचं बंद.

"म्हणजे तारण आम्हीच की एकमेकींना," आत्या म्हणाली.

"तसंच समजा, मावशी."

हे ऐकल्यावर पाचही जणींनी एकमेकींकडे, बाजारात म्हशीकडे बघतात तसं एकदा नीट बघून घेतलं. आत्या, टेलरबाई, दूधवाली, कोंबड्यावाली आणि भाजीवाली. तेवढ्यात आत्यानं एक जादा नियम सुचवला, हप्तेवाल्याच्या कागदात नसलेला. जिचे लागोपाठ दोन हप्ते चुकतील तिनं आपल्या धंद्यातली एक वस्तू गटाकडे आणून ठेवायची. आणि साधीसुधी नाही, जिच्यावाचून धंदा अडतो ती. पैसे फिटले की वस्तू परत.

टेलरबाई तेव्हाच म्हणाली होती, "अगं, हातच काढून घेतले तर फेडायचं कशानं?"

"लाज वाटली की पैसा आपोआप उभा राहतो," आत्या म्हणाली.

आत्या ठामपणे बोलते तेव्हा समोरच्याला आपण आधीपासून तेच म्हणत होतो असं वाटायला लागतं. नियम पास झाला.

कर्ज हातात आलं त्या दिवशी काकांनी विषय काढून बघितला. "थोडे छपराला वापरले तर? पावसात गळतं."

"छप्पर गळतं वर्षातले तीन महिने," आत्या म्हणाली. "हप्ता गळेल दर मंगळवारी."

काका छपरावर चढले आणि घरातल्याच एका जुन्या प्लॅस्टिकवर विटा ठेवून खाली उतरले.

दुसऱ्या गावाहून जुनी गिरणी आणली. मोटार, पट्टा, दोन दगड, धान्य ओतायचा पत्र्याचा डबा आणि पीठ पडतं तिथे बांधायची लांब कापडी नळी. नळी टेलरबाईनं नवी शिवून दिली. आत्यानं दारावर कसलीही पाटी लावली नाही. फक्त आत भिंतीला टेकून एक बाकडं ठेवलं आणि सांगितलं, डबा ज्या क्रमानं येईल त्याच क्रमानं दळला जाईल, मग पोतं विमानातून येवो. वर्षभरात अर्धं गाव वरच्या गिरणीला यायला लागलं. कुणी पुढे घुसू बघितलं तर बाकड्यावरच्या बायकाच त्याचा समाचार घ्यायच्या, आत्याला तोंड उघडावं लागायचं नाही.

या वर्षभरात आत्याच्या जादा नियमाचा वापर एकदा झाला. टेलरबाईनं शाळेचे साठ गणवेश शिवून दिले आणि शाळेनं पैसे द्यायला दीड महिना लावला. दोन हप्ते चुकले. नियमाप्रमाणे तिनं मशीनच्या पोटातली बॉबिनची डबी आणून आत्याच्या हातात ठेवली. अंगठ्याएवढी डबी, पण तिच्याशिवाय मशीन म्हणजे नुसतं टेबल. नऊ दिवस ती आत्याच्या फळीवर, मोजमापाच्या डब्यात पडून होती. दूधवाली म्हणालीसुद्धा, "देऊन टाक गं परत, तिची चूक आहे का?" आत्या म्हणाली, "नियम म्हणजे नियम. आज तिला सोडलं तर उद्या तू मागशील." पैसे आले, डबी परत गेली. टेलरबाई त्यानंतर आत्याशी बोलायची, पण जेवढ्यास तेवढं. बटण लावावं तसं.

आणि मग आत्याची मोटार जळली.

मोटारीची तार नव्यानं गुंडाळून घेण्यात गाठीचं सगळं गेलं आणि मंगळवारच्या हप्त्याला थोडे कमी पडायला लागले. शनिवारी दारात टेम्पो उभा राहिला. बाजारातल्या मसाल्याच्या व्यापाऱ्याचा. त्याचं मिरची कुटायचं यंत्र बिघडलं होतं, सहा पोती मिरची पडून होती. दळणाचा तिप्पट दर द्यायला तयार होता.

आता मिरची आणि गहू एका दगडावर दळायचे नाहीत हे गिरणीवाल्याच्या घरातल्या मांजरालाही माहीत असतं. मिरचीचा तिखटपणा दगडाच्या खाचांत जाऊन बसतो आणि मग पाहुण्यासारखा, कधी उठेल ते त्याचं त्यालाच माहीत. आत्याला हे माहीत नव्हतं असं नाही. तिनं स्वतःशी तह केला. सोमवारी मिरची दळायची, नंतर पाटीभर कोंडा दळून दगड साफ करायचे, मंगळवारी हप्ता, बुधवारपासून पुन्हा गहू. काकांनी शिंकत शिंकत विचारलं, "नक्की?" ती पदर नाकाला लावून म्हणाली, "नक्की." त्या दिवशी गल्लीतली कुत्रीसुद्धा दुसऱ्या गल्लीत राहायला गेली.

मंगळवारी हप्ता पूर्ण भरला. बुधवारी अठरा घरांचं दळण झालं. गुरुवारी सकाळी अठराच्या अठरा डबे दारात परत.

शेजारच्या आजोबांनी पहिल्या घासाला पाणी मागितलं आणि दुसऱ्याला मुलाकडे वाटणीच मागितली, असं त्यांची सून सांगत होती. नाकाला मिरच्या झोंबणं ही नुसती बोलायची पद्धत आहे असं मी समजत होतो. पण सगळ्यात वाईट झालं ते टेलरबाईच्या घरी. तिच्या आठ महिन्यांच्या नातवाला नुकतीच पिठाची खिमट सुरू केली होती. पोर दुपारभर रडत राहिलं, ओठ लाल, डोळे लाल. टेलरबाई डबा घेऊन आली. डबा उंबऱ्यावर ठेवला आणि गेली. ती चार शब्द शिव्यांचे बोलली असती तर आत्याला ते स्वस्तात पडलं असतं.

आत्यानं सगळं पीठ परत घेतलं आणि घरातले साठवणीचे गहू मापानं भरून दिले. मिरचीचे पैसे आले तसे गेले, वर घरचे गहू गेले. खराब पीठ कोंबड्यावालीनं आनंदानं नेलं. कोंबड्यांना तिखट लागत नाही ही नवीन माहिती त्या निमित्तानं गावाला झाली. तिकडे अण्णा त्यांच्या दारात थांबलेल्या बायकांना सांगायला लागले, "आपल्याकडे बाई साधंच पीठ मिळतं. फोडणी दिलेलं हवं तर वर जा." बायका हसायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या.

आत्यानं आणखी दोन पाट्या कोंडा दळून बघितला, पाव पोतं जुने तांदूळ दळून बघितले. चिमूट जिभेवर ठेवली की तळाशी ती बारीक चुरचुर होतीच. गिऱ्हाईक तर येतच नव्हतं. एक मंगळवार गेला, दुसरा गेला. दोन्ही हप्ते चौघींनी वाटून भरले. दुसऱ्या मंगळवारी हप्तेवाल्यानं सांगून टाकलं, महिनाअखेर हा गट सुरळीत झाला नाही तर पुढचं कर्ज विसरा. दूधवालीला म्हैस घ्यायची होती, ती खाली बघत बसली. त्याच संध्याकाळी अण्णांचा निरोप आला की गिरणी काढायची असेल तर ते घेतील. किंमत सांगितली ती भंगारवाल्यालाही द्यायला लाज वाटली असती. पण त्या किमतीत चौघींचे पैसे आणि उरलेलं कर्ज जेमतेम फिटत होतं, हेही खरं.

बुधवारी सकाळी टेलरबाई दारात.

"नियम," ती म्हणाली.

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "पट्टा नेतेस ना?"

"दुसरं काय नेऊ? दगड उचलत नाहीत मला."

मोटारीची ताकद दगडापर्यंत नेणारा तो रबरी पट्टा. तो नसला की मोटार एकटीच गरगरते, एखाद्या पुढाऱ्यासारखी.

"थांब, मी काढते. मोटार सैल करावी लागते," आत्या म्हणाली. तिनं पान्यानं दोन बोल्ट सैल केले, पट्टा उतरवला, फडक्यानं पुसला आणि गुंडाळून दिला. "उन्हात ठेवू नकोस. भेगा पडतात."

"माझी डबी तू कुठे ठेवली होतीस?"

"फळीवर. डब्यात."

"मग हाही फळीवर राहील," टेलरबाई म्हणाली आणि पट्टा खांद्यावर टाकून निघाली.

काका हे सगळं आतून ऐकत होते. ती गेल्यावर म्हणाले, "अण्णांना हो म्हणून टाकायचं का? दगडापेक्षा वीट मऊ."

"तुमच्या विटेचं तुम्ही बघा," आत्या म्हणाली. "माझा दगड मी बघते. चार छिन्न्या देऊन जा आणि हातोडी. लहान."

टाकीवाला म्हणजे हे काम करणारा माणूस गावोगाव फिरतो. आत्यानं त्याला फोन केला होता, तो म्हणाला पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात गिरणी अण्णांकडे असणार होती. आत्याचं म्हणणं असं, की वरवर धुऊन, दळून हे जाणार नाही. दगडाचा वरचा थरच काढून टाकायचा आणि खाली नव्या खाचा पाडायच्या. आणि गिरणी नाहीतरी बंदच आहे.

"तुला येतं?" काकांनी विचारलं.

"तो वर्षभरात चार वेळा आला. चारी वेळा मी समोर बसून होते. तो काय पडदा लावून करत होता?"

"बघणं वेगळं. मीसुद्धा डॉक्टरला सुई टोचताना बघतो."

पण वरचा दगड उलटा करायला ते कामावर उशिरा गेले. दोर आणि बांबू लावून दोघांनी तो उचलला, पालथा केला, खाली पोती टाकून टेकवला. चाकाएवढा दगड, मधोमध भोक. मग काका गेले आणि आत्या पोत्यावर मांडी घालून बसली.

दगडाचा उंचवटा कुठे आहे ते कळायला टाकीवाला लाकडी पट्टीला गेरू लावून ती दगडावर फिरवायचा. जिथे लाल उमटेल तिथे दगड उंच. आत्याकडे गेरू नव्हता, म्हणून तिनं कपड्यांना घालायची नीळ कालवली. निळे डाग पडले तिथे तिनं ठोकायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी छिन्नी नुसतीच घसरायची. मधूनच एखादा टवका असा उडायचा की खाचेऐवजी खड्डा व्हायचा, आणि मग तो खड्डा नाहीसा करायला सगळाच दगड तेवढा खाली उतरवावा लागायचा. दुसऱ्या दिवशी तिला कोन सापडला. छिन्नी उभी धरायची नाही, झुकवायची आणि मनगट सैल सोडायचं. खाचा मध्याशी खोल आणि कडेला येता येता उथळ, म्हणजे दाणा आत कापला जातो आणि कडेला त्याचं पीठ होतं. तासाभरात छिन्नी बोथट व्हायची. काका संध्याकाळी चारही छिन्न्यांना धार लावून ठेवायचे. ती दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा बोथट करायची. लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्या दोघांचा हा पहिला भागीदारीचा धंदा.

तिसऱ्या दिवशी दुपारी टेलरबाई जवळजवळ धावत आली. तिच्या घरापर्यंत ठोकाठोकी ऐकू जात होती.

"फोडतेस का काय गिरणी? त्यात आमचे पैसे आहेत हो."

आत्यानं मान वर केली. भुवया पांढऱ्या, केस पांढरे, हातावर दगडाच्या कपच्यांनी बारीक रक्ताचे ठिपके. "म्हातारी झाल्यावर कशी दिसेन ते बघून घे," ती म्हणाली. "फोडत नाही. टाकी लावतेय."

टेलरबाई दगडाभोवती एक चक्कर मारून आली. शिवणवालीची नजर, वाकडी शिवण लगेच दिसते. "ही ओळ तिरकी गेली."

"ती पहिल्या दिवसाची."

"आणि ही?"

"ही पण." आत्यानं छिन्नी खाली ठेवली. "बस. पाणी घे."

टेलरबाई बाकड्यावर बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "डबी तुझ्याकडे होती ना, त्या नऊ दिवसांत मी अकरा परकर हातानं शिवले. सुईनं. पैसे शाळेकडून आले असं तुम्हाला वाटलं. अर्धे त्या परकरांचे होते."

"बोलली नाहीस."

"काय बोलायचं? तू म्हणाली होतीस, लाज वाटली की पैसा आपोआप उभा राहतो." ती थोडी पुढे वाकली. "वाटली का लाज?"

"वाटली."

"मग? पैसा?"

आत्यानं दगडावरची भुकटी फुंकली. "तो नाही आला."

टेलरबाई हसली. हसावं की नाही हे ठरायच्या आतच तिला हसू आलं. मग आत्याही हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला, कारण भुकटीत अजून मिरची होती.

"माझं चुकलं," आत्या म्हणाली. "नातवाचं तर चुकलंच. पण तुझी डबी ठेवली तेही. दूधवाली सांगत होती."

"पट्टा आत्ता देत नाही मी," टेलरबाई उठत म्हणाली. "माझा एकटीचा नाही तो. मंगळवारी चौघींसमोर माग."

"मागणार नाही."

"का? तोंड दुखतं?"

"नियम मीच केला. माझी पाळी आली की बदला म्हणायचं, हे शोभतं का?"

"नाही शोभत," टेलरबाई म्हणाली. "पण तुला शोभावं म्हणून आम्ही चौघींनी कर्जाला मुकायचं का? जात्यातले रडतात नि सुपातले हसतात म्हणे. इथं तर जातंच एक आहे, बाई. आज तू आत, उद्या आम्ही."

आत्यानं छिन्नी उचलली. ती पुन्हा ठोकायला लागली. टेलरबाई दारातून म्हणाली, "डाव्या बाजूचं जरा हलकं ठोक, खोल जातंय." ते खरंच खोल जात होतं.

मंगळवारी बैठक टेलरबाईच्या अंगणात होती. हप्तेवाला यायच्या आधी पाच जणी सतरंजीवर बसल्या आणि मधोमध तो गुंडाळलेला पट्टा. आत्या आली ती दोन्ही हातांना फडकी बांधून. बसली आणि सरळ म्हणाली, "नियम बदलायला हवा. माझ्यासाठी नको, माझं ज्याचं त्याला फेडून होऊ दे, मग बदला. पण बदला. पोटावर पाय देऊन पैसे वसूल होत नाहीत, हे मला आता कळलं."

"आम्हाला आधीच कळलं होतं," दूधवाली म्हणाली. "तू बोलू दिलंस कुठे?"

"आता बोल."

"आता काय बोलू, तू तर कबूलच झालीस," दूधवाली म्हणाली. चार दिवसांची तयारी वाया गेल्यासारखं तिचं तोंड झालं.

भाजीवाली कमी बोलते. तिनं विचारलं, "पीठ साफ येईल?"

"दळल्याशिवाय कसं सांगू? पट्ट्याशिवाय कसं दळू?"

"मग आत्ता दळून बघू," टेलरबाई म्हणाली. "चला. हप्तेवाला येईल तर थांबेल. त्याला पगार आहे थांबायचा."

पाच जणी पट्टा घेऊन गिरणीत आल्या. खालच्या दगडालाही टाकी लावून दोन्ही दगड आदल्या दिवशीच बसवलेले होते. आत्यानं पट्टा चढवला, मोटार ताणली, बोल्ट आवळले. हातांच्या फडक्यांमुळे पाना निसटत होता तो कोंबड्यावालीनं धरला. पहिलं दोन शेर दळण दगडाची भुकटी घेऊन आलं, ते बाजूला काढलं. दुसरं पांढरं पडलं.

"माझ्या कोंबड्यांना घालून बघू?" कोंबड्यावालीनं विचारलं.

"तुझ्या कोंबड्यांनी आधीचंही मिटक्या मारत खाल्लं," टेलरबाई म्हणाली. "त्यांच्या साक्षीला कोण विचारतं?"

तिनं स्वतः चिमूट जिभेवर ठेवली. डोळे मिटले. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. आत्यानं मात्र पीठ अंगठ्यात आणि बोटात चोळलं आणि ती खाली बघत राहिली. टेलरबाईनं आणखी एक चिमूट घेतली. मग त्याच ताज्या पिठातलं वाटीभर घेतलं, घरी गेली, तिच्यामागे बाकीच्या गेल्या. चुलीवर खिमट शिजली, निवली. पहिला चमचा तिनं स्वतः खाल्ला, दुसरा आत्याला दिला. तिसरा नातवाला.

पोरानं तोंडात घोळवलं, थोडं हनुवटीवर सोडलं आणि आ केला.

हप्तेवाला दारात मोटारसायकलला टेकून उभा होता. "मावशी, हप्ता?" त्यानं विचारलं.

"थांब रे," पाच जणी एकदम म्हणाल्या. त्यानं उरलेली वाटी संपेपर्यंत वाट बघितली.

त्या मंगळवारचा हप्ताही चौघींनीच भरला, पण यावेळी कुणी खाली बघितलं नाही. नवीन नियम तिथेच ठरला. जिचे हप्ते चुकतील तिची वस्तू घ्यायची नाही, तिला गिऱ्हाईक द्यायचं. प्रत्येकीनं आपल्या घरचं काम आणि वर दोन घरं. बुधवारी सकाळी आत्याच्या बाकड्यावर दूधवाली, भाजीवाली, कोंबड्यावाली आणि त्यांनी हात धरून आणलेल्या सहा जणी होत्या. टेलरबाईनं आणलेल्या दोघी दारात अडून होत्या. "माझ्या नातवानं खाल्लं," ती त्यांना म्हणाली, "तुमच्या नवऱ्यांच्या जिभा काय त्याच्यापेक्षा नाजूक आहेत?" डबे आत आले.

गावाची जीभ विसरायला वेळ लावते. पंधरवडा गेला तरी लोक पहिला घास जपून घ्यायचे. पण पीठ बारीक येत होतं, अण्णांच्यापेक्षा बारीक, आणि दगड ताज्या टाकीचे होते. महिनाअखेरीला आत्यानं त्या आठवड्याचा हप्ता स्वतः भरला आणि चौघींचे सगळ्यात जुन्या हप्त्याचे पैसे परत केले. हप्तेवाल्यानं गट सुरळीत असं लिहून घेतलं, दूधवालीनं म्हैस बघायला सुरुवात केली. उरलेले पैसे अण्णांमुळे फिटले. ते एका दुपारी आले, दारात उभे राहिले आणि छताकडे बघत म्हणाले, टाकीवाला काही यायला तयार नाही.

"पुढच्या महिन्यात येईल," आत्या म्हणाली.

"तोवर पीठ भरडं जातंय."

"मला दिसतं ना, गावात फिरतं ते."

अण्णांनी घसा साफ केला. "तू येशील?"

आत्यानं दर सांगितला. अण्णा म्हणाले, टाकीवाला याच्या निम्मे घेतो. "तो पुढच्या महिन्यात घेतो," आत्या म्हणाली, "मी उद्या घेते." ती तीन दिवस अण्णांच्या गिरणीत ठोकत बसली आणि त्या तीन दिवसांत तिथल्या भिंतीला टेकलेल्या बायकांनी अण्णांशी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलून बघितलं.

चौघींचे पैसे फिटल्यावर आत्यानं नवीन कर्जाचा अर्ज मागितला. मिरची कुटायच्या वेगळ्या यंत्रासाठी. व्यापारी अजून विचारत होताच, आणि आजूबाजूच्या चार गावांत असं यंत्र नव्हतं, हे सहा पोत्यांनी सिद्धच केलं होतं. हप्तेवाला दुप्पट रक्कम द्यायला तयार झाला. आत्यानं यंत्राला लागते तेवढीच लिहिली. सह्या चौघींच्या लागत होत्या. दूधवालीनं केली, भाजीवालीनं केली, कोंबड्यावालीनं अंगठा दिला. टेलरबाईनं कागद घडी घालून ठेवला.

"यंत्र कुठे बसवणार?"

"मागच्या बाजूला."

"मागच्या बाजूला काय आहे?"

"आत्ता काही नाही. भिंत बांधायची आहे."

"मग आधी भिंत बांध. सही नंतर."

आत्याच्या घरी इतक्या वर्षांत झालं नव्हतं ते झालं. काकांनी दोन दिवस सुट्टी घेतली आणि स्वतःच्या घराची भिंत बांधायला घेतली. टेलरबाई रोज संध्याकाळी बघून जायची. एकदा तिनं मोजपट्टी आणून उंची मोजली. काका म्हणाले, "ताई, शर्ट नाही शिवत आहोत आपण."

"वर फट राहिली तर तिखट तिकडूनच पिठात यायचं," ती म्हणाली. "अजून दोन विटा."

काकांनी आणखी दोन थर चढवले. तिसऱ्या संध्याकाळी तिनं भिंतीच्या कडेनं हात फिरवला, कोपऱ्यात नाक लावून बघितलं, कागद उलगडला आणि सही करायला पेन मागितलं.